सारख्या चिरांचे दोन हॅम

सणाच्या सकाळी भट्टीवालीच्या वाटेला जाऊ नये, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एरवी बाई लाख मोलाची. आजारी माणसाच्या घरी न सांगता पाव पोचवील, नव्या नवरीला दुकानात बसवून चहा पाजील. पण सणाच्या सकाळी तिच्या भट्टीत स्वतःच्या पावाबरोबर निम्म्या गल्लीची अब्रू असायची, आणि त्या दिवशी तिची जीभ भट्टीपेक्षा जास्त तापलेली असायची.

आता अब्रू ती कसली? तर हॅम. सणाच्या जेवणाला टेबलावर आख्खा हॅम हवाच. पण खारवलेली डुकराची मांडी म्हणजे काही टीचभर वस्तू नाही, आणि घरातले ओव्हन हे असे, खेळण्यातल्या चुलीएवढे. त्यामुळे बाईच्या सासऱ्याच्या काळापासून रीतच पडली होती. लोकांनी घरी हॅम पाण्यात भिजवून खारटपणा उतरवायचा, वरच्या चरबीला सुरीनं चिरा द्यायच्या, लवंगा टोचायच्या, आणि सकाळी ट्रेमध्ये घालून बेकरीत आणून द्यायचा. सोबत बरणीत वरून लावायचा पाक. कुणाचा गुळाचा, कुणाचा मधाचा, बहुतेकांचा मोहरी वाटून घातलेला. पाव निघाले की उरलेल्या धगीवर हॅम आत जायचे, शेवटी शेवटी त्यांना पाकाचे हात बसायचे, आणि दुपारी जो तो आपापला हॅम कपड्यात गुंडाळून घरी न्यायचा. वर नुसती चकाकी, काचेसारखी.

आणि कुठला हॅम कुणाचा, हे बाईला चिरांवरून कळायचं. नर्सबाईंच्या चिरा उभ्या आणि नीटनेटक्या, जणू टाके घातलेत. कुलूपवाल्याच्या वाकड्यातिकड्या, कारण तो सुरी हातात घेण्याआधी दोन पेले घ्यायचा. "पत्र्याचे बिल्ले लावू या गं," नवरा दरवर्षी सुचवायचा. "बिल्ले कुत्र्यांना लावतात," ती म्हणायची. "मी काय म्युनिसिपालटीची गाडी आहे? चिरा दाखवा, घर सांगते."  लग्न करून ती या घरात आली तेव्हा तिला साधा पाव भाजता येत नव्हता. सासऱ्यानं तिचा हात धरून भट्टीच्या तोंडात घालायला लावला होता, धग ओळखायला. त्या शिकवणीचे डाग अजून कोपरापर्यंत होते. नवऱ्याला काही ती विद्या आली नाही. तो पीठ मळायचा, ट्रे उचलायचा, आणि बायकोच्या हुशारीचं गल्लीभर कौतुक सांगत फिरायचा.

तिचा सगळ्यात जोखमीचा हॅम टेलरमास्तरांचा. मास्तरांच्या नातीला मोहरी चालत नव्हती. चालत नव्हती म्हणजे पोट बिघडतं असं नाही. एकदा कुठल्याशा चटणीचं बोट चाटलं तर पोरीचा घसा सुजून श्वास अडकला होता, आणि ती कशीबशी वाचली होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिची आई, म्हणजे मास्तरांची मुलगी, दरवर्षी मध आणि संत्र्याच्या रसाचा पाक स्वतः आणून द्यायची आणि दरवर्षी तेच वाक्य म्हणायची, "काकू, मोहरीचा कण नको हं." काकूही दरवर्षी तेच म्हणायची, "अगं, माझ्यावर सोड आणि निजून राहा." उगाच नाही म्हणायची. चिमणीच्या हॅमचा ब्रश वेगळा, लाल दोरा बांधलेला. ट्रे वेगळा, उंच काठांचा. भट्टीत त्याच्या बाजूला वीट उभी करायची.

यंदा घोळ झाला तो ड्रायव्हरसाहेबांमुळे. हे मास्तरांचे थोरले भाऊ. जन्मभर बस चालवली, आता घरी. दोघं भाऊ एकाच गावात राहायचे आणि एकमेकांचं तोंड पाहायचे नाहीत. त्यांची आई धाकट्याच्या घरी वारली तेव्हा थोरला लांबच्या फेरीवर होता. निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "मला मुद्दाम कळवलं नाही," असं थोरला म्हणे. "कळवलं होतं, तो वेळेत आला नाही," असं धाकटा म्हणे. खरंखोटं देव जाणे. पण तेव्हापासून एक भाऊ समोरून आला की दुसरा रस्ता ओलांडायचा.

आजवर थोरल्याच्या घरचा हॅम त्यांची बायको चिरायची, तिच्या माहेरच्या पद्धतीनं, आडव्या चिरांनी. यंदा तिचा हात प्लास्टरमध्ये. म्हणून ड्रायव्हरसाहेबांनी स्वतः सुरी धरली, आणि आईनं शिकवलं होतं तशा चिरा दिल्या. पत्त्यातल्या चौकटीसारख्या, लांबट, आणि एक घर सोडून एक लवंग. धाकटा जन्मभर अगदी तश्शाच द्यायचा. दोघांची आई एकच ना!

ड्रायव्हरसाहेब उशिरा आले, धापा टाकत. बाईनं ट्रेमध्ये पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय, मास्तरांच्या चिरा तुम्ही कधीपासून द्यायला लागलात?"

"त्याच्या कशानं? आईच्या आहेत," ड्रायव्हरसाहेब फणकारले आणि मोहरीच्या पाकाची बरणी ठेवून निघून गेले.

ट्रेदेखील मेला तसाच, उंच काठांचा. बाईनं दोन्ही हॅम शेजारी ठेवून पाहिले. वजनही जवळपास एकच. मग तिनं मनाशी पक्कं केलं, डावीकडचा मास्तरांचा, उजवीकडचा ड्रायव्हरचा, मध्ये वीट. पाक लावताना दोनदा खात्री केली. लाल दोऱ्याच्या ब्रशनं डाव्याला मध, दुसऱ्या ब्रशनं उजव्याला मोहरी. इथवर तिचं काही चुकलं नाही, हे आधी सांगून ठेवतो. नंतर लोक वाट्टेल ते बोलले म्हणून सांगतो.

दुपारपर्यंत बाकीचे हॅम गेले. भट्टीत हे दोनच उरले. डावा कोपरा मुळात तापट. बाईनं डोकावलं तर डावीकडचा, म्हणजे मास्तरांचा, एका अंगानं काळपट व्हायला लागला होता. तिनं लांब दांड्याच्या फळीनं दोन्ही ट्रे सरकवून जागा बदलल्या. आता मास्तरांचा उजवीकडे, असं मनात घोकलं. तेवढ्यात पुढे नर्सबाईंचा आवाज चढला, त्यांच्या हॅमची एक लवंग म्हणे पडली होती. बाई पुढे गेली. लवंगेवरून वाद घालायला तिला जो वेळ लागला तेवढ्यात पुढचं घडलं.

ती परतली तेव्हा स्कूटर दाराशी उभी होती. मास्तरांचा जावई घाईत होता, सगळे टेबलाशी बसलेत म्हणाला. बाईनं उजवीकडचा हॅम काढला. रंग असा सुरेख की तिलाच समाधान वाटलं. वासाचं म्हणाल तर पहाटेपासून सगळ्या बेकरीला मोहरीचा वास, नाकाला आता काही कळेना. कागद, वर कपडा, गाठ. "जपून ने रे, पाक अजून गरम आहे." स्कूटर गेली.

बाईनं ड्रायव्हरचा हॅम काढून ओट्यावर ठेवला आणि पहाटेपासून पहिल्यांदा स्टुलावर टेकली. नवऱ्यानं चहाचा कप हातात दिला. स्वारी खुशीत होती.

"मास्तरांचा हॅम वाचला हो आज," तो म्हणाला. "मी वेळेवर पाहिलं म्हणून. डाव्या कोपऱ्यात करपायला आला होता. तू त्या नर्सबाईशी भांडत होतीस, म्हटलं कशाला हाक मारा. आपणच दोन्ही फिरवले."

बाईच्या हातातला कप तसाच राहिला. "काय फिरवले?"

"ट्रे. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा—"

"मी आधीच फिरवले होते!"

नवऱ्याला आधी कळलंच नाही. तो हसतच होता. बाई उठली, ओट्यावरच्या ट्रेमध्ये ओघळलेला पाक बोटावर घेतला आणि जिभेला लावला. मध. संत्र्याचा आंबटपणा. पुन्हा घेतला, कोपऱ्यातून घेतला, खालून घेतला. मोहरीचा झणका कुठेच नाही.

"अगं बाई गं," ती म्हणाली. "चिमणी."

नवऱ्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्यानं फोन उचलला. मास्तरांच्या घरी घंटा वाजतेय, वाजतेय, कोणी उचलत नाही. उचलणार कसं? भरल्या घरात, गाणी लावलेली. जावई तर स्कूटरवर. "लावत राहा!" बाई ओरडली. "थांबू नका, लावतच राहा!" आणि ॲप्रनसकट रस्त्यावर धावली.

धावली म्हणजे काय, एका गुडघ्यात वात. सणाची दुपार, दुकानांची शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मास्तरांचं घर पुलापलीकडे, चढावर. आपण पोचेपर्यंत कापून, वाढून, खाऊन होईल, हे तिला पहिल्या दहा पावलांतच कळलं. तोंडानं ती देवाला हाका मारत होती की नवऱ्याला शिव्या देत होती, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यावर एक जुनी गाडी सावकाश वळली. हॅम न्यायला आलेले ड्रायव्हरसाहेब. बाई सरळ गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मरायचंय का?" ते खिडकीतून ओरडले.

"मास्तरांकडे चला! तुमचा हॅम तिकडे गेलाय!"

"मग बदलून आणा. मी त्या दाराची पायरी चढणार नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"अहो, मोहरी आहे त्यात! त्यांच्या नातीला मोहरी म्हणजे विष आहे, विष! पोर मरेल माझ्या हातून!"

ड्रायव्हरसाहेबांनी लगेच वाकून पलीकडचं दार उघडलं. बाईचा एक पाय आत आणि एक बाहेर असतानाच गाडी निघाली. या माणसाची ख्याती अशी की बसमध्ये म्हातारी चढली तर ती बसेपर्यंत क्लच सोडत नसे. तो आज पुलावरून असा निघाला की बाईनं डोळेच मिटून घेतले.

"केवढी आहे?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कोण?"

"ती. नात."

"पुढचे दात पडलेत नुकते," बाई म्हणाली. तिला रडू फुटायला लागलं होतं. "फार बोलते. पावाचा कडक भाग मागून घेते माझ्याकडून."

 चढावर गाडी रडली, त्यांनी गिअर टाकला.

मास्तरांच्या दाराशी स्कूटर उभी होती, सीट रिकामी. आतून गाण्यांचा आणि हसण्याचा आवाज. बाई गुडघा धरून उतरेपर्यंत ड्रायव्हरसाहेब पायऱ्या चढून गेलेदेखील. दार ठोठावलं, लाथ घातली. गाण्यापुढे ऐकतंय कोण? मग ते अंगणातून बाजूच्या खिडकीकडे धावले. बाई मागोमाग लंगडत. काचेतून टेबल दिसलं. मधोमध हॅम, निम्मा कापलेला. मास्तर उभे, हातात सुरी. आणि टेबलाच्या कडेला लाल झग्यातली चिमणी, काट्याला चकचकीत तुकडा लावून तोंडाशी नेत असलेली.

ड्रायव्हरसाहेबांनी दोन्ही मुठी काचेवर आपटल्या आणि तोंड उघडलं. आवाज फुटेना. पोरीला थांबवायचं तर हाक मारायला हवी, आणि सख्ख्या भावाच्या नातीला काय म्हणून हाक मारतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाईला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ती मागून "चिमणे!" म्हणून ओरडली, पण धापेनं तिच्या घशातून नुसती हवा आली. मग त्या म्हाताऱ्यानं बसच्या भोंग्यासारखा आवाज काढला.

"ढब्बू! ए ढब्ब्याऽऽ!"

टेलरमास्तर साठी उलटलेले, नातवंडं असलेले, गावात मान असलेले. ढब्बू म्हणणारी दोनच माणसं त्यांना या जगात होती, आई आणि हा. ते गर्रकन वळले, सुरी हातातून पडली. सगळं टेबल खिडकीकडे वळलं.

"खाऊ देऊ नको तिला! मोहरी आहे!"

मास्तरांनी टेबलावरून हात मारला. काटा उडाला, बशी फुटली. चिमणी घाबरून आजोबांकडे बघत राहिली आणि मग तिनं ओठ चाटले. ओठांवर पाक होता. आधीच चाटून झालं होतं तिचं.

पुढचं सगळं बाईला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. आईनं घरात कायम तयार ठेवलेलं इंजेक्शन पोरीच्या मांडीत टोचलं. चिमणीचा खालचा ओठ फुगत होता. ती खोकायला लागली, आणि तिचा आवाज घोगरा, मोठ्या माणसासारखा झाला. कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होतं. "गाडी आहे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "बसा." मागे मास्तर, मुलगी आणि तिच्या मांडीवर चिमणी. बाई पुढच्या सीटवर होती, कारण तिला कोणी उतर म्हटलं नाही आणि तिला सुचलं नाही.  फक्त पोरीच्या श्वासाची शिट्टी वाजत होती, आणि प्रत्येक शिट्टीनंतर पुढची येईपर्यंत बाईचा जीव थांबत होता.

हॉस्पिटलच्या दारात नर्सनं पोरीला उचलून घेतलं. आई पाठोपाठ आत गेली. दुसरी नर्स मास्तरांना म्हणाली, "मुलीचं नाव सांगा."

मास्तरांनी सांगितलं.

ड्रायव्हरसाहेब भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान वर केली. "काय म्हणालास?"

"आईचंच ठेवलंय," मास्तर म्हणाले. एवढंच. थोरला भाऊ हळूच खाली बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. धाकटा जरा वेळ उभाच राहिला. मग तोही त्याच बाकावर बसला, दुसऱ्या टोकाला.

बाई त्यांच्यासमोर उभी होती. तिला बसावंसं वाटत नव्हतं. ॲप्रनवर पाकाचे डाग, हाताला पीठ. आपल्याला कोणीतरी शिव्या घालाव्यात, कानाखाली मारावी, असं तिला मनापासून वाटत होतं. पण तिच्याकडे बघायलाच कोणाला सवड नव्हती.

बऱ्याच वेळानं चिमणीची आई बाहेर आली. "उतरतेय सूज. श्वास नीट आहे. रात्रभर इथंच ठेवणार म्हणाले." मास्तरांनी हुंदका दिला. मग ती भट्टीवालीकडे वळली.

"माझ्या हातून झालं गं," बाई म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. "चिरा सारख्या होत्या, ट्रे इकडचे तिकडे झाले. कळल्याबरोबर धावले. पण झालं ते झालं."

मास्तरांच्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर, राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही आलात म्हणून ती वाचली काकू, कळतंय मला," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी आम्ही हॅम घरीच भाजू. लहान घेऊ, ओव्हनमध्ये मावेल असा."

"हो, घरीच भाज," बाई म्हणाली. "तेच बरं."

सासऱ्याच्या हाताखाली भट्टीशी उभी राहिल्यापासून कोणी तिच्याकडे हॅम द्यायचं थांबवलं नव्हतं. ती जिन्याचा कठडा धरत धरत खाली आली. फाटकाशी नवरा उभा होता. सायकल भिंतीला लावलेली, श्वास लागलेला, भुवयांवर अजून पीठ. मास्तरांच्या घरी जाऊन, तिथून विचारत विचारत इथं आला होता.

"पोर?"

"बरी आहे."

त्यानं डोळे मिटले. मग हळूच, मार खायच्या तयारीनं विचारलं, "मी फिरवले म्हणून झालं ना सगळं?"

बाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. सगळ्या गल्लीला पुरेल एवढं तिखट. ते तिनं गिळलं.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली, "आणि मी तुम्हाला." आणि जिला गल्लीत कोणी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ती भट्टीवाली हॉस्पिटलच्या फाटकाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, नवऱ्याच्या पिठाळ खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली.